पाइप तुंबणं शक्यच नाही

रविवारी सकाळी बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन माडीवरच्या खोलीत आले आणि पलंगाचा पहिला स्क्रू सैल करू लागले, तेव्हा त्यांची मोठी मुलगी पलंगाच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसलेली होती.

"ऊठ."

"नाही."

"तू बसलेली असताना पाय निघाला तर आपटशील."

"मग काढू नका."

या मुलीला घरात सगळे वकीलबाई म्हणत. पाचवीतल्या मुलीला शोभणारं नाव नव्हे, पण तिने ते स्वतःच्या जिभेवर कमावलं होतं. दूध पी म्हटलं की बाकीची मुलं "नको" म्हणतात. ही विचारायची, "हे कुणी ठरवलं, आणि ठरवताना मला बोलावलं होतं का?" शेवटी आईच एकदा वैतागून म्हणाली होती, "हिला दूध नको, काळा कोट शिवा." तेव्हापासून ते नाव चिकटलं.

ही छपराखालची खोली वकीलबाईला याच वर्षी मिळाली होती. त्याआधी तिथे रिकामी खोकी, पाय मोडलेलं टेबल आणि कुणीतरी कधीतरी दुरुस्त करणार असलेला पंखा राहत होता. छत इतकं उतरतं की एका बाजूला उभं राहिलं तर डोकं आपटायचं. खिडकी एकच. पण दाराला आतून कडी होती, आणि त्या कडीपुढे राजवाडासुद्धा फिका होता. कारण त्याआधी ती खाली धाकट्या बहिणीबरोबर झोपायची. धाकटी झोपेत लाथा मारायची आणि जागेपणी प्रश्न विचारायची. आपल्यालाही कुणी इतके प्रश्न विचारू शकतं, हे वकीलबाईला मुळीच आवडलं नव्हतं.

आता मात्र उशाकडच्या भिंतीवर ओलीचा भलामोठा डाग आला होता. हात लावला तर भिंत गार लागायची आणि रंगाचे पोपडे बोटाला चिकटून यायचे.

"ओल्या भिंतीशी झोपून खोकला होतो," बाबा म्हणाले. "आणि ही ओल आली कशी? पोहून आलीस की तू ओला टॉवेल त्या खिळ्याला अडकवतेस. किती वेळा सांगितलं. खोली सांभाळता येत नसेल तर खोली नाही. पलंग खाली जाणार."

"मी टॉवेल खिडकीत वाळत घालते."

"आता घालतेस. आधी?"

वकीलबाईने खिळ्याकडे पाहिलं. आधी ती खरंच खिळ्याला अडकवत असे. बाबांनी पुढच्या स्क्रूला हात घातला.

"कोण जिंकतंय?" दारातून आवाज आला. जिना चढून आलेली आजी चौकटीला टेकून दम घेत होती.

आजी म्हणजे बाबांची आई. उमेदीची सगळी वर्षं तिने शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाली तरी फळा काही डोक्यातून पुसला गेला नव्हता. सरळ उत्तर देणं तिला जमतच नसे. घरात तिला वेळ विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं, कारण "किती वाजले?" म्हटलं की ती म्हणे, "सावली बघ आणि तूच सांग."

"मी हरतेय," वकीलबाई म्हणाली. "बाबा म्हणतात, भिंत टॉवेलने भिजली."

"बरं. टॉवेल लटकतो तो खिळा कुठे आहे?"

"हा इथे."

"आणि डाग सुरू कुठून होतो?"

वकीलबाई पलंगावर उभी राहिली. डागाची वरची कड खिळ्याच्या चांगली वीतभर वर होती. तिने बोट ठेवून दाखवलं आणि बाबांकडे अशा नजरेने पाहिलं की बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"ओल वर चढते," बाबा म्हणाले. "आई, तूच शिकवलंयस आम्हाला."

"चढते," आजी म्हणाली. "पण चढताना आडवीही पसरते का? आणि पसरली तर दोन्हीकडे सारखी पसरेल की एकाच बाजूला?"

डाग खिडकीकडे अगदी चिंचोळा होता. बाहेरच्या कोपऱ्याकडे मात्र तो पंख्यासारखा फाकला होता. वकीलबाईने खिशातून पेन्सिल काढून डागाच्या कडेने रेघ ओढली. बाबा म्हणाले, "भिंत खराब करू नकोस," आणि मग स्वतःच पुढे होऊन भिंतीकडे पाहू लागले.

"त्या कोपऱ्याच्या पलीकडे काय आहे?" आजीने विचारलं.

वकीलबाईने खिडकीतून मान वळवून पाहिलं. छपराच्या कडेने पावसाचं पाणी गोळा करणारी पत्र्याची पन्हळ होती आणि तिच्या टोकापासून भिंतीला धरून खाली जमिनीपर्यंत जाणारा पाइप होता. तो बरोबर त्या कोपऱ्यावरून उतरत होता.

"पाइप तुंबलाय," ती म्हणाली.

"पाइप तुंबणं शक्यच नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"शक्य नाही म्हणजे नाही."

बाबा घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून तासन्तास एका चिमुकल्या चाकाशी बोलत बसणारा माणूस. असा माणूस कारण न देता काही बोलेल, हे वकीलबाईला पटेना. पण तिने तेवढ्यापुरतं त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं. संध्याकाळपर्यंत पलंग हलणार नाही. तोवर पाइप तुंबलेला निघाला, तर खोली तिची. नाही निघाला, तर ती स्वतः आपली उशी उचलून खाली जाईल आणि तोंडातून ब्र काढणार नाही.

"हे दुसरं मला बघायला आवडेल," बाबा म्हणाले.

खाली काका चहात बिस्किट बुडवत होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं.

"काका, आपला पाइप तुंबू शकतो का?"

"आपला? छे. अजिबात नाही."

"का?"

काकांचं बिस्किट चहात पडलं. "आता का म्हणजे... मला माहीत आहे म्हणून."

आई वर्तमानपत्र वाचत होती. ती वाचनालयात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशीही छापलेलं काही दिसलं की सोडत नसे. तिनेही मान वर न करता सांगितलं, "तुंबणार नाही गं. त्या पाइपची काळजीच करू नकोस."

वकीलबाई आजीकडे वळली. "आजी, तुला काय वाटतं?"

"मला?" आजीने चष्मा पुसायला घेतला. "मलाही तो तुंबेल असं वाटत नव्हतं. पण डाग तर दिसतोय."

"तीन जण छातीठोकपणे सांगतात आणि चौथी चष्मा पुसते," वकीलबाई म्हणाली. "आणि कारण कुणीच देत नाही. हे संशयास्पद आहे."

इथे या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा आणि काका लहान असताना प्रत्येक कामाचा डांगोरा पिटायचे. मी ताट उचललं, मी दार लावलं, मी आज भावाला मारलं नाही. आजीचे कान किटले. मग तिने दोघांना समोर बसवून शिकवलं, की चांगलं काम करावं आणि गप्प राहावं. सांगत सुटलं की त्याची चव जाते. ही शिकवण मुलांनी इतकी मनावर घेतली, की मोठे झाले तरी ती सुटली नाही, आणि लग्न होऊन आलेली आईही काही दिवसांत त्यांच्यासारखीच झाली. त्या घरात गळका नळ आपोआप गळायचा थांबे. करकरणारं दार आपोआप मुकं होई. कुणी केलं ते कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. फक्त कधीकधी जिन्यातल्या कुंडीचं रोप कुजून जाई, कारण चौघांनी गुपचूप पाणी घातलेलं असे.

वकीलबाई मात्र या शिकवणीत पहिल्या दिवसापासून नापास होती.

आजी तिला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि कोळिष्टकं काढायचा लांब दांडा तिच्या हातात दिला.

"पाइप न उघडता आत काय आहे ते कसं कळेल?"

"ठोकून?"

"ठोकून बघ. खालून वर जा. घाई करू नकोस, ऐकत जा."

पाइपच्या अगदी खाली, जमिनीजवळ, पाणी बाहेर सोडणारा वाकडा तुकडा, बाक, होता. वकीलबाईने त्यावर दांडा मारला. ठण. पोकळ, मोकळा आवाज. मग बाकाच्या जरा वर. ठप. तिने थांबून आजीकडे पाहिलं. आजी आभाळाकडे पाहत होती. आणखी वर, ठप. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, ठप. दांडा उंच धरून, टाचा उचलून ती वर वर जात राहिली. तिच्या खोलीच्या भिंतीपाशी पाइपला एक सांधा होता, दोन तुकडे जिथे एकमेकांत बसवले होते तिथे. सांध्याच्या खाली ठप. सांध्याच्या वर ठण.

तिने पुन्हा ठोकून पाहिलं. ठप. ठण.

"इथपर्यंत भरलाय," ती हळूच म्हणाली. "पाऊस परवा पडून गेला आणि पाणी अजून आत उभं आहे. खाली बूच बसलंय. पाणी चढत चढत सांध्यापर्यंत जातं आणि... मग त्याच्या वर का नाही जात?"

"तू पाणी असतीस तर काय केलं असतंस?"

"जिथे फट सापडेल तिथून पळाले असते." मग तिचे डोळे मोठे झाले. "सांध्यातून. माझ्या भिंतीवर."

आजीच्या चेहऱ्यावर, एखाद्या मुलाचं गणित शेवटच्या ओळीला सुटताना बघत उभ्या राहिलेल्या बाईंचं समाधान होतं.

एवढा आवाज झाल्यावर घरातले सगळे अंगणात जमले. धाकटी तेवढी शेजारी खेळायला गेली होती, त्यामुळे प्रश्न विचारणारी एकच होती. काकांनी शिडी लावली. आजीने ती खालून दोन्ही हातांनी धरली आणि सूचना सुरू केल्या. "दोन्ही पाय एका पायरीवर नकोत. पन्हळीला लोंबकळू नकोस. आधी पानं काढ, पाइपमध्ये ढकलू नकोस."

"आई, मी चाळिशी ओलांडली आहे."

"म्हणूनच सांगतेय. हलका असतास तर सांगितलं नसतं."

शेजारच्या मोठ्या झाडाची पानं पन्हळीत कुजून चिखल झाली होती. काका रबरी हातमोज्यांनी मुठी भरभरून तो चिखल बादलीत टाकत पाइपच्या तोंडापर्यंत सरकले. तिथे त्यांचा हात थांबला. ते वाकून तोंडात बघू लागले. मग पन्हळीच्या आजूबाजूला काहीतरी चाचपू लागले.

"हे काय," ते पुटपुटले. "इथे काहीच कसं नाही?"

"काय असायला हवं होतं?" खालून वकीलबाईने लगेच विचारलं.

"कुठे काय?"

"तुम्ही म्हणालात, काहीच कसं नाही. म्हणजे काहीतरी होतं."

"मी असं म्हणालो?" काकांनी शिडीवरून आजीकडे पाहिलं. "आई, ऊन किती वाढलंय ना?"

आजीने वर पाहिलं नाही. तिची मान किंचित तिरकी झाली होती, आणि शिडीवरची बोटं घट्ट झाली होती. आईने वर्तमानपत्राची घडी केली. बाबा म्हणाले, "थांबा, मी खालचा बाक काढून दाखवतो. पाइप रिकामा आहे, एकदाचं कळू दे सगळ्यांना."

बाक एका पट्टीने आणि दोन स्क्रूंनी धरलेला होता. बाबांनी त्याच्या समोर बैठक मारली, घड्याळाचं झाकण उघडावं तशी.

"बाबा, बाजूला बसा," वकीलबाई म्हणाली.

"कशाला?"

"वर सांध्यापर्यंत पाणी आहे."

"तुझा दांडा म्हणतो तसं." बाबा हसले.

"आजी, सांग ना त्यांना."

"मी शिकवलंय त्याला," आजी म्हणाली. "आता तो आणि पाइप बघून घेतील." आणि ती शांतपणे चार पावलं मागे सरकली. तिच्याबरोबर वकीलबाईही. आईने एक क्षण नवऱ्याकडे पाहिलं आणि तीही मागे सरकली.

बाक निघाला. थेंबही पडला नाही. बाबांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. "बघितलंत?" मग, सवयीने, पाइपच्या तोंडात स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी जरासं खरवडलं.

पुढे जे झालं त्याचं वर्णन बाबा आजही करू देत नाहीत. आधी एक डचमळल्यासारखा आवाज झाला, आणि मग परवाचा पाऊस, त्याच्या आधीचा पाऊस आणि झाडाची सगळी काळी पानं एकदम बाबांच्या मांडीवर आली. चष्मा होता तो पोटावर आला. केसांत एक देठ उभा राहिला. वर शिडीवर काका इतके हसले, की आजीला धावत जाऊन शिडी पुन्हा धरावी लागली.

"पाइप रिकामा झाला," वकीलबाई म्हणाली. "आता."

पण पूर्ण रिकामा झाला नव्हता. चिखलाबरोबर बाबांच्या मांडीवर एक वस्तू येऊन पडली होती. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली. चहाची स्टीलची गाळणी. दांडी कापून टाकलेली.

सगळ्यांची नजर गाळणीवर खिळली. ही गाळणी कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. ती हरवली तेव्हा आईने सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं होतं, धाकटीवर आळ घेतला होता, आणि शेवटी नवी आणली होती.

आईने काही विचारलं नाही. घरची रीत होती. ती फक्त म्हणाली, "आपल्या घरच्या वस्तूंना फिरायला जायची भारी हौस."

वकीलबाईने आजीकडे पाहिलं. आजीही गाळणीकडे पाहत होती. रीत तिचीच होती. गप्प बसायला तिच्याइतकी मोकळीक दुसऱ्या कुणालाही नव्हती. एकदा तिने ओठ दाबले, मग सोडले.

"माझी आहे," आजी म्हणाली. "पानं आत जाऊ नयेत म्हणून मीच ती पाइपच्या तोंडात बसवली. तुम्ही सगळे बाहेर गेला होतात तेव्हा. चांगली घट्ट बसवली होती, पण बसली नसणार."

"आजी, तू शिडीवर चढलीस?" आईने विचारलं. मुलींसारखीच तीही सासूला आजी म्हणे.

"त्याचा निकाल नंतर लावू."

बागेची नळी आणून वकीलबाईने खालून पाइपमध्ये सरकवली, अडलं तिथे थांबली, आणि आईने नळ सोडला. आतमध्ये गुडगुड झाली. बाबा आता सर्वांच्या मागे उभे होते. नळी ओढली तशी एक राखाडी स्पंजाची चकती बाहेर आली. चकतीच्या मधोमध चष्म्याच्या आकाराचा खळगा होता, दोन भिंगांचा आणि मधल्या दांडीचा.

"हा कसला स्पंज बुवा?" वकीलबाई म्हणाली. "कुठल्या दुकानातून आला असेल?"

काका शिडी उतरून आले. "फ्रेम या स्पंजात येतात," ते म्हणाले. "मला वाटलं, पाणी जाईल आणि पानं अडतील. पाइपचं तोंड उघडं होतं, मला काय माहीत आईची गाळणी आत गेलीय. उघडं दिसलं म्हणून बसवला."

त्यानंतर आली कांद्यांची लाल जाळीदार पिशवी, तोंडाला हिरव्या फितीची गाठ मारलेली. वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधून ठेवतात तसली फीत.

"मलाही तोंड उघडंच दिसलं," आई म्हणाली, कुणी विचारायच्या आत. "त्यात पानं भरून मी पिशवीचा बोळा केला होता. कुठल्याशा पुस्तकात होतं तसं."

"म्हणजे पानं अडवायला पानांचा बोळा?" काकांनी विचारलं.

"चष्म्याच्या उशीपेक्षा बरं."

आता राहिले एकच. सगळे हळूहळू मागे वळले. बाबांच्या कपाळावरून पाणी निथळत होतं, आणि ते अंगणातल्या एका दगडाकडे फार लक्षपूर्वक पाहत होते.

वकीलबाईने नळी पुन्हा आत घातली. या वेळी फार वेळ लागला. शेवटी जो गोळा धपकन बाहेर पडला त्याला चिखल, काड्या, पिसं, सगळं गुंडाळलं होतं. तिने तो बादलीत खळखळून धुतला. बारीक तांब्याच्या तारेची विणलेली जाळीदार टोपी निघाली. एकेक घर सारखं. एकेक टोक आत वळवून बसवलेलं. इतकं नाजूक काम दुनियेत एकच माणूस पाइपसाठी करेल, हे सांगायची गरज नव्हती.

"सुंदर आहे," आजी म्हणाली, आणि तिने मनापासून म्हटलं.

"इतकी बारीक घरं की पाणीसुद्धा विचार करून जात असेल," काका म्हणाले.

तारेच्या टोपीने सगळ्यात जास्त गाळ धरला होता. खाली गाळणी आडवी, तिच्यावर स्पंज, त्याच्यावर कांद्याची पिशवी, आणि सगळ्यांवर ही टोपी बुचासारखी. चौघांनी पाइपची काळजी घेतली होती, म्हणून पाइप तुंबला होता. आणि चौघांना खात्री होती, कारण प्रत्येकाने आपला उपाय केला होता.

वकीलबाईला आता भाषण करायला हरकत नव्हती. सगळे त्याची वाटच पाहत होते. काकांनी तर शिडीच्या खालच्या पायरीवर बूडही टेकलं होतं. पण तिने टोपी बाबांच्या हातात दिली आणि इतकंच विचारलं, "टॉवेल?"

बाबांनी टोपी उलटसुलट करून पाहिली.

"टॉवेल नव्हता," ते म्हणाले. "मी होतो."

"आम्ही सगळे होतो," आजी म्हणाली. "आणि मी सगळ्यात आधी. अर्धाच धडा शिकवला मी तुम्हाला. आपली फुशारकी मारू नये हे खरं. पण आपण पाइपमध्ये काय कोंबलंय ते दुसऱ्याला सांगणं म्हणजे फुशारकी नव्हे. हा दुसरा अर्धा धडा. तुम्ही चाळिशी ओलांडलीत तेव्हा शिकवतेय, पण शिकवतेय."

"परीक्षा आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे. पानं भरलेली ती बादली कुठे रिकामी करायची ते सांग, आणि करून ये."

काकांनी वरून नळीने पाणी सोडलं तेव्हा ते पाइपमधून सरसर उतरलं आणि खाली स्वच्छ धारेने बाहेर आलं. वकीलबाई दांडा घेऊन पुन्हा एकदा खालपासून सांध्यापर्यंत ठोकत गेली. ठण, ठण, ठण. सांध्याची फट बाबांनी त्याच दुपारी बुजवली, आणि बुजवता बुजवता खिडकीतून सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, की मी सांधा बुजवतोय. त्यांचा आवाज जरा चिरका लागला. सवय नव्हती.

संध्याकाळी ते पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन वर आले. सकाळी सैल केलेले स्क्रू त्यांनी एकेक करून आवळले. वकीलबाई दारात उभी राहून बघत होती. पलंगावर बसायची आता गरज नव्हती.

"भिंत वाळेपर्यंत पलंग दोन हात इकडे सरकवतो," बाबा म्हणाले. "वाळली की खरवडून रंग देऊ. रंग तू निवड."

"आणि खोली?"

"तुझी. ठरलंच होतं ना."

"सकाळी तुम्ही म्हणालात, मला खोली सांभाळता येत नाही."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. ते पलंगाच्या कडेवर बसले. "ते मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "मी न बघता ठरवलं. घड्याळ उघडल्याशिवाय मी कधी दोष सांगत नाही, आणि तुला मात्र..." पुढचं त्यांनी हाताने सांगितलं.

वकीलबाईने थोडा विचार केला. "हे नोंदवून घेते," ती म्हणाली. बाबा हसले, आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटायच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. वकीलबाई भिजत घरी आली, दप्तर खाली टाकून जिना चढून वर धावली, दार उघडलं, आणि दारातच थांबली.

पलंगावर आई, बाबा आणि काका ओळीने बसले होते. आजीने खुर्ची ओढून घेतली होती. धाकटी बरोबर मधोमध, बुटांसकट. सगळे भिंतीकडे बघत होते. पाइपमधून पाणी धो धो उतरत होतं. भिंतीवरचा डाग पेन्सिलच्या रेघेपासून बराच आत सरला होता, आणि नवीन ओलीचा थेंबही कुठे नव्हता.

"चहा इथेच आणू का?" काका म्हणाले.

"ही रेघ कुणी काढली?" धाकटीने विचारलं. "का काढली? मी पण काढू?"

"जरा सरक," आई बाबांना म्हणाली, "मला कोपरा दिसत नाही."

"आजी," वकीलबाई म्हणाली, "ही खोली कुणाची आहे?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, माझी आहे."

"मग?"

वकीलबाईने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला उभी राहिली. "मग सगळे बाहेर."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर्वांत आधी आजी उठली. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि खुर्ची जिथून ओढली होती तिथे परत ठेवून बाहेर पडली. तिच्यामागे आई धाकटीला उचलून निघाली. धाकटी विचारत होती, की का जायचं, आणि कुणी ठरवलं. काका दारात वाकून म्हणाले, "येतो, वकीलसाहेब." बाबा शेवटी निघाले. उंबऱ्यात थांबून त्यांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा तिच्या केसांतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"डोकं पूस," ते म्हणाले. "आणि टॉवेल—"

"खिडकीत," वकीलबाई म्हणाली, आणि आतून कडी लावली.